बर्बन चाखताना झालेली माझी फजिती

व्हिस्की आधी नाकाने चाखायची असते एवढेच ऐकून मी बर्बन या अमेरिकी व्हिस्कीच्या वाटेला गेलो, आणि पेल्यात नाक खुपसून भरलेल्या पहिल्याच श्वासाने डोळ्यांत पाणी आणले. गंध असा काही जाणवलाच नाही. जाणवला तो मद्यार्काचा झणका. घोट घेतल्यावर घशापासून छातीपर्यंत जी धग उतरली तिला अमेरिकेतल्या केंटकी राज्याकडचे लोक कौतुकाने ‘केंटकी हग’, म्हणजे केंटकीची मिठी म्हणतात, हे मला पुढे कळले. त्या वेळी मात्र कोणी गळा धरल्यासारखेच वाटले होते.

दोष बर्बनचा नव्हता. पेला नाकाला चिकटवून, तोंड मिटून खोल श्वास घेतला की मद्यार्काची वाफच आधी नाकपुड्यांत शिरते. आता मी पेला हनुवटीपाशी धरतो, ओठ किंचित विलग ठेवतो आणि फूल हुंगावे तितक्याच बेताने वास घेतो. असे केल्यावर प्रथम व्हॅनिला आला, मग कढईत थोडा जास्तच तापलेला साखरेचा पाक, आणि त्यामागून रंध्याखालून नुकत्याच निघालेल्या लाकडाच्या सालप्यांचा वास. हे इतके गोड होते की यात काहीतरी घातले असणार, अशी शंका मला आली.

ती शंका साफ चुकीची निघाली. अमेरिकी नियमांनुसार बर्बनमध्ये रंग, साखर किंवा स्वाद मिसळता येत नाही. तीव्रता कमी करण्यासाठी पाणी तेवढे चालते. धान्यात किमान ५१ टक्के मका असावा लागतो, पण मक्यातली साखर आंबवताना यीस्ट खाऊन टाकते आणि उरलीसुरली ऊर्ध्वपातनात मागेच राहते. पिंपात शिरताना हे मद्य पाण्यासारखे पारदर्शक असते. पिंप नव्या ओक लाकडाचे आणि आतून जाळून कोळसा केलेले असते. त्या जाळाने लाकडातल्या शर्करांचा कॅरमल होतो आणि लाकडातलेच लिग्निन हे द्रव्य फुटून व्हॅनिलाचा वास देणारे व्हॅनिलिन तयार होते. उन्हाळ्यात गोदाम तापले की मद्य लाकडात मुरते आणि थंडीत आकसून बाहेर येते, ते हे सारे सोबत घेऊनच. मी ज्याला मक्याची गोडी समजत होतो ती बरीचशी लाकडाची होती, आणि पिंप नवेच हवे या नियमामुळे एकदा वापरलेले पिंप बर्बनसाठी पुन्हा चालत नाही. त्यांपैकी पुष्कळशी पुढे स्कॉटलंडला स्कॉच मुरवायला जातात.

धान्याचा फरक कळावा म्हणून मी दोन पेले शेजारी ठेवले. एकात मेकर्स मार्क ही बर्बन, जिच्यात मक्यासोबत राय (गव्हासारखेच एक धान्य) याऐवजी गहू असतो. दुसऱ्यात राय असलेली वाइल्ड टर्की १०१. दुसरीने जिभेच्या कडांना मिरी-दालचिनीसारखी चुणचुण दिली आणि मी घाईने ती रायच्या नावावर जमा करून मोकळा झालो. बाटलीवरचे आकडे मी नंतर पाहिले: पहिली ४५ टक्के मद्यार्काची, दुसरी ५०.५ टक्क्यांची. (१०१ हा आकडा प्रूफचा, म्हणजे टक्क्यांच्या दुप्पट, इतकी साधी गोष्टही मला ठाऊक नव्हती.) तुलना मुळातच असमान होती. मग दुसऱ्या पेल्यातल्या २० मिलिलिटरमध्ये अर्धा चहाचा चमचा पाणी घातले, त्याने दोन्ही जवळपास एका पातळीवर आल्या, आणि पुन्हा चाखले. चुणचुण निम्मी झाली, पण गेली नाही. तेवढी उरलेली चुणचुण मी आता रायची मानतो, जरी या दोन बर्बनांची पिंपे, यीस्ट आणि मुरण्याचा काळही वेगळा असल्यामुळे हा निकाल पक्का म्हणता येणार नाही.

पेले त्या रात्री न धुता तसेच राहिले. सकाळी हुंगले तेव्हा मद्यार्क उडून गेला होता, आणि डोळ्यांत पाणी न येता, अगदी नाक खुपसूनही, दोन्हींतून फक्त लाकूड आणि जळका पाक यांचाच वास येत होता.