आमची वाटचाल : लाल मातीतली स्ट्रॉबेरीची रोपं

आमची नर्सरी पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यापासून जरा आत आहे आणि आम्ही फक्त रोपं विकतो, फळ नाही. हे आधीच सांगतो कारण सीझनला पर्यटक गाडी थांबवून पनेट, म्हणजे फळांचे छोटे डबे, मागतात. वडील आधी बटाटा करायचे, मग स्ट्रॉबेरी लावली, मग रोपं दुसऱ्याकडून घेण्यापेक्षा आपणच करू म्हणून थोडे मदर प्लांट, म्हणजे ज्यांच्यापासून नवी रोपं करायची ती मूळ झाडं, मागवले, शेजाऱ्यांनी मागितली तर त्यांनाही दिली, असं वाढत गेलं. 2010 ला महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचं सरकारी मानांकन, मिळालं, तोवर आमचं बस्तान बसलेलं होतं.

सगळं काम रनरचं, म्हणजे झाडापासून जमिनीवर पसरणाऱ्या लांब फुटव्यांचं. पावसाळ्यात मदर प्लांटला आलेली फुलं खुडून टाकायची, मग रनर सुटतात, दर दुसऱ्या पेराला पिल्लू, म्हणजे नवं रोप, धरतं, ते पिशवीतल्या मातीवर टेकवायचं आणि तारेची पिन मारायची. आमच्या पिना वडिलांनी जस्त चढवलेल्या लोखंडी तारेच्या स्वतः वाकवलेल्या, अजून त्याच चालतात, बाजारातल्या प्लॅस्टिकच्या क्लिपा मला कधी पटल्याच नाहीत. कात्री प्रत्येक ओळीनंतर स्पिरिटमध्ये बुडते म्हणजे बुडतेच. वर प्लॅस्टिकचं शेड, कारण पावसाच्या थेंबांच्या उडण्यानेच अँथ्रॅकनोज हा बुरशीचा रोग एका रोपावरून दुसऱ्यावर जातो. आणि माती आमचीच, लाल, वर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा.

ह्या लाल मातीनेच आम्हाला वाचवलं.

एका वर्षी डिसेंबरला तीन-चार गावांतनं फोन सुरू झाले, तुमची स्वीट चार्ली म्हणून लावली आणि निघाली कॅमारोसा. ह्या स्ट्रॉबेरीच्या दोन वेगळ्या जाती. फळ बघून कुणीही ओळखेल, स्वीट चार्ली नारिंगीकडे झुकणारी आणि मऊ, कॅमारोसा गडद लाल, कापली तरी आतनं लाल, टणक. कॅमारोसा वाईट नाही हो, लांबच्या गाडीला तीच चांगली, पण ती उशिरा येते, आणि ज्याने नाताळाचा भाव धरून हिशेब मांडलाय त्याचा सगळा सीझन गेला. लोकांच्या दारात क्रेट आमच्या नावाचे होते. आम्ही कितीही सांगितलं की ह्या गावांत आम्ही माल दिलाच नाही, कोण ऐकतंय. पुढच्या वर्षीचे ॲडव्हान्स परत मागितले लोकांनी, आम्ही आईचे दागिने ठेवून ते दिले.

तेव्हा भिलारचे आबा उभे राहिले. आमचं पहिलं गिऱ्हाईक, वडिलांच्या पहिल्या लॉटपासून. त्यांनी मला गाडीत घातलं, तक्रार करणाऱ्याच्या रानात नेलं, म्हणाले, "पोरा, बोलू नको, खुरपं दे." मल्चिंगच्या, म्हणजे वाफ्यावर अंथरलेल्या प्लॅस्टिकच्या, भोकातनं रोप उपटलं, मुळं हलक्या हाताने सोडवली तर आत मुठीएवढा काळ्या मातीचा गोळा! बाजूला सगळं रान लाल. मग आमचं एक रोप आबांच्या रानातनं उपटून शेजारी ठेवलं, लाल माती, कोकोपीट. त्या शेतकऱ्याने तिथेच आबांचे हात धरले. पण चार जणांनी बघितलं म्हणून चाळीस जणांना कळत नाही, पुढची दोन वर्षं आम्ही निम्म्या मालावर काढली.

कुणी केलं ते आम्हाला माहितीये. खाली वाईकडच्या काळ्या रानात त्याची नर्सरी, आमचे जुने क्रेट भंगारातनं उचलले आणि एजंटामार्फत माल फिरवला. आज त्याचा रस्त्यावर मोठा बोर्ड आहे. आमच्याकडे येऊन एक शब्द बोलला नाही, लग्नात समोर आला तरी मान वळवतो.

म्हणून सांगतो, रोप कुणाकडूनही घ्या पण घेण्याआधी एखादं फोडून बघा. क्राऊन, म्हणजे मुळं आणि पानं यांच्यामधला जाड बुंधा, उभा चिरा, आत पांढरा हवा, तांबूस डाग दिसले तर सगळा लॉट सोडा. लावताना क्राऊन मातीत गाडू नका, उघडाही टाकू नका, अर्धा आत अर्धा बाहेर. आणि ऑनलाइन स्वस्तात रोप मागवलं आणि त्याला पिवळं फूल आलं तर खत घालत बसू नका, ती रानटी जात, फळ लाल येतं पण चव काहीच नाही. आपल्या स्ट्रॉबेरीचं फूल पांढरं.

आता प्रत्येक पिशवीवर आमचा शिक्का असतो, रिकामे क्रेट आम्ही स्वतः मोजून परत आणतो. बुकिंग जूनमध्ये, माल सप्टेंबरात. आबांचा मुलगा आता शेती बघतो, त्याची रोपं आम्ही बुकिंगच्या आधीच बाजूला काढतो, त्यावरून कुणी नाराज झालं तरी चालेल.