चकमकीच्या रायफलीची वही : गंज, उकळतं पाणी आणि गोठलेलं खोबरेल

मंडळी, किट जुळवण्याचं पुराण मागे सांगून झालंय. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी एवढंच: पॉइंट ५० कॅलिबरची ठासणीची रायफल, चकमकीचा घोडा, ४२ इंची नळी, मेपलचा दस्ता. नळी दस्त्याला आडव्या पिनांनी बांधलेली आहे. म्हणजे पाचर काढली, नळी उचलली आणि बादलीत उभी केली, असं हिच्या बाबतीत होत नाही. पुढची निम्मी कटकट त्यामुळेच आहे.

मी राहतो पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत. जग जिला केंटकी रायफल म्हणतं, ती अठराव्या शतकात इथल्याच जर्मन वंशाच्या कारागिरांच्या हातून घडली. जेकब डिकर्ट हा त्यातला नावाजलेला कारागीर लँकेस्टरचाच. नाव मात्र केंटकीचं झालं. इथे राहून या बंदुकीकडे न वळणं म्हणजे येवल्यात राहून पैठणी न बघणं.

आता वहीतली पानं. नेमबाजीचे आकडे गाळलेत, लाज वाटते म्हणून.

५ ऑक्टोबर

बावीस बार काढले. ६० ग्रेन थ्री एफ (बारीक दाण्याची) काळी दारू, पॉइंट ४९० ची शिशाची गोळी, गोळीभोवती गादीच्या जाड सुती कापडाची चिंधी. सातव्या-आठव्या बारापासून गोळी खाली उतरताना अडायला लागली. ‘ठासून भरणे’ हा वाक्प्रचार कुठून आला ते मनगटाला कळलं.

घरी यायला उशीर झाला, संध्याकाळी मंडळाचा भोंडला होता. नेहमीच्या रायफलींसाठी ठेवलेलं सॉल्व्हंट नळीत फिरवलं, तीन चिंध्या मारल्या, वरून पेट्रोलियमचं तेल लावलं. तिसरी चिंधी करडी होती, पण खिरापत ओळखायला उशीर होत होता. बंदूक कपाटात.

२६ ऑक्टोबर

बरोबर तीन आठवड्यांनी गज घातला. चिंधी बाहेर आली ती कडक चहाच्या रंगाची. फोनला जोडायचा छोटा कॅमेरा आत सोडला तर बुडापासून तीन-चार इंचांवर गंजाचं कडं, आणि आट्यांच्या (नळीच्या आतल्या पीळदार खाचांच्या) कोपऱ्यांत डांबरासारखं काहीतरी घट्ट बसलेलं.

चूक माझीच, तिचं कारण मात्र समजून घेण्यासारखं आहे. काळी दारू म्हणजे साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. ती जळते तेव्हा निम्म्याहून जास्त वजन वायू होतच नाही, घन अवशेष म्हणून उरतं. पोटॅशियम कार्बोनेट, सल्फेट, सल्फाइड, थोडा कोळसा. बाहेर दिसतो तो पांढरा धूर हीच ती बारीक भुकटी, आणि बाकीची नळीत चिकटते. हे क्षार हवेतलं पाणी ओढून घेतात, पावसाळ्यात मीठ पाझरतं तसे. शुद्ध पेट्रोलियमच्या तेलात ते विरघळत नाहीत. तेलाशी मिळून त्यांचा राळेसारखा लगदा होतो, आणि त्या लगद्याखाली ओल धरून ते लोखंड खात बसतात. म्हणजे मी गंजावर नीट पांघरूण घातलं होतं.

पाण्यात मात्र हे क्षार चटकन विरघळतात. एवढं एक वाक्य कळलं असतं तर कडं पडलं नसतं.

दुरुस्ती: कोमट साबणाचं पाणी, मग ब्रशला सर्वांत बारीक, चार शून्यांची स्टील वूल गुंडाळून तेलात चाळीस-पन्नास फेऱ्या. कडं गेलं. बुडाशी मोहरीएवढे दोन खड्डे राहिले. ते आता राहणारच.

आणि ज्यांच्याकडे केपाची (चकमकीऐवजी छोट्या स्फोटक टोपीने पेटणारी) बंदूक आहे आणि जे दारूऐवजी तिचे पर्याय वापरतात, त्यांनी निर्धास्त राहू नये. पायरोडेक्समध्ये पोटॅशियम परक्लोरेट असतं. ते जळल्यावर क्लोराइड उरतं, म्हणजे मिठाचाच भाऊ. तेही पाण्यानेच धुवायचं.

२ नोव्हेंबर

रात्री बाबांना कुडाळला फोन केला होता. आमच्या आजोबांकडे शेतीच्या राखणीच्या परवान्यावरची ठासणीची होती, केपाची. रानडुकरं आणि वानरं यांच्यासाठी. बाबांना आठवतं ते असं: शेतातून आले की आजोबा निपल (केप बसते ते बोंड) काढायचे, न्हाणीघराच्या चुलवणावरचं कढत पाणी नरसाळ्याने नळीत ओतायचे, आणि निपलच्या जागेतून काळी पिचकारी अंगणात उडायची. मग खोबरेल. बाबा मध्ये आले की म्हणायचे, “आदी तिका न्हाणय, मगे तू जेव.”

ठरलं. आज अकरा बार काढले आणि घरी येऊन किटलीभर उकळतं पाणी नळीत ओतलं. नळी इतकी तापली की हातात धरवेना. पाणी ओतून दिलं तर आतून आपोआप खडखडीत कोरडी. खूश होऊन चहा ठेवायला गेलो. परत आलो तोवर चिंधीवर नारिंगी पूड.

याला कारण साधं आहे. तापलेलं उघडं पोलाद, वाफ आणि हवा एकत्र आली की गंज मिनिटांत धरतो. आजोबांचं पाणी कढत होतं हे बाबांना आठवलं. पण आजोबा नळी गरम असतानाच तेल घालत असणार, मध्ये चहा ठेवायला जात नसणार. हा तपशील फोनवर आला नव्हता.

आता मी कोमटच वापरतो, हात सहज बुडेल इतपत. क्षार विरघळायला तेवढं पुरतं.

१६ नोव्हेंबर

आज पद्धत बसली. अठरा बारांनंतर सगळं मिळून पस्तीस मिनिटं लागली. सविस्तर लिहितो, कारण पिनांची नळी असलेल्यांचा प्रश्न नेमका इथे असतो.

आधी नळी रिकामी आहे ना ते बघायचं. माझ्या गजावर दोन खुणा आहेत, एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या बाराची. घरी पोचल्यावर पहिलं काम म्हणजे गज आत सोडून पहिली खूण तोंडाशी येते का ते पाहणं. रेंजवर शेवटचा बार मी स्वतः काढलेला असला तरीही.

मग लॉक, म्हणजे घोड्यासकट ठिणगी पाडणारी यंत्रणा. घोडा अर्ध्यावर ठेवून बाजूचे स्क्रू सोडवले की अख्खं लॉक हातात येतं. चकमकीचा दगड आणि त्याचं चामडं काढून ठेवतो. लॉक कोमट पाण्यात, जुना टूथब्रश. सर्वांत जास्त मळ पॅनखाली (पॅन म्हणजे रंजक, पेटवायची दारू, ठेवायची वाटी) आणि फ्रिझनच्या (दगड आपटतो त्या पोलादी पट्टीच्या) बिजागरीत असतो, ब्रश तिथे मुद्दाम फिरवावा लागतो. पुसून झालं की केस वाळवायच्या यंत्राची हवा. घरातून यावर टिप्पणी झाली, ती नोंदवत नाही.

नळीच्या कानात लाकडी दातकोरणी घट्ट बसवतो. कान म्हणजे ते बारीक भोक, जिथून पॅनमधल्या रंजकेची आग आतल्या दारूला लागते. बखरीत तोफांच्या कानांत खिळे ठोकायचे तो हाच कान. पहिल्या दोन वेळा माझी दातकोरणी सैल होती आणि काळं पाणी नळी आणि दस्ता यांच्या फटीत झिरपलं. पिनांच्या बंदुकीत हीच खरी भीती, कारण तिथे शिरलेलं पाणी दिसत नाही, पुसताही येत नाही. उपाय म्हणून वर्षातून एकदाच पिना काढायच्या, आणि नळीच्या खालच्या बाजूला मेणाचा जाड थर देऊन पुन्हा बसवायची. शिवाय धुताना लॉकच्या खाचेत आणि कानाभोवती जुनं फडकं कोंबून ठेवतो.

तोंडापर्यंत कोमट पाणी, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. पाच मिनिटं तसंच. मग अंगठ्याने तोंड दाबून बंदूक खालीवर दोन-चारदा कलती करायची आणि ओतून द्यायचं. पहिलं पाणी शाईसारखं येतं आणि सडक्या अंड्यांचा वास सुटतो, सल्फाइडची करामत. स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नका. दुसरं पाणी राखाडी, तिसरं जवळजवळ स्वच्छ.

मग ओल्या चिंध्या जॅगवर, म्हणजे गजाच्या टोकाला चिंधी धरणाऱ्या बोंडावर. जॅगला चिंधी घट्ट बसली पाहिजे, पण इतकी नको की आत अडकेल. एकदा कोरडी चिंधी मळलेल्या नळीत अर्ध्यावर अडकली आणि गज काही केल्या येईना. जोर लावला तर लाकडी गज तिरपा तुटून हातात घुसतो, म्हणून घरी धुताना मी कधीच बंदुकीचा गज वापरत नाही, धातूचा वेगळा आहे, तोंडाशी पितळी गाइड लावून. अडकलेल्या चिंधीवर नळीच्या तोंडातून थोडं पाणी सोडलं, दहा मिनिटं थांबलो, आली निमूट. तेव्हापासून पहिली चिंधी कधीच कोरडी नसते.

नळीच्या बुडाचा सपाट तळ चिंधीने नीट निघत नाही, गोल जॅग कोपऱ्यात पोचत नाही. तिथे सपाट पातं असलेला स्क्रेपर घालून दोनदा फिरवतो. ज्यांच्या हॉकन धाटणीच्या बंदुकीत बुडाशी दारूची अरुंद कोठी आहे, त्यांचा जॅग तर त्या कोठीत शिरतच नाही. तिथे छोट्या कॅलिबरच्या ब्रशला चिंधी गुंडाळून काम भागवावं लागतं. मित्राच्या बंदुकीतून असा काढलेला मळ पाहिला, शेंगदाण्याएवढा होता. दोन वर्षं तो बंदूक “स्वच्छ” ठेवत होता.

कोरड्या चिंध्या, पांढरी येईपर्यंत. त्यानंतर एक चिंधी औषधांच्या दुकानातल्या अल्कोहोलची, उरलंसुरलं पाणी ती घेऊन जाते. कानातली दातकोरणी काढून नळी साफ करायच्या तारेने कान मोकळा. लगेच तेल. चहा त्यानंतर.

शेवटी बंदूक तोंड खाली करून उभी ठेवायची. तोंड वर ठेवलं तर जास्तीचं तेल बुडाशी साठतं, कानातून बाहेर येतं आणि लॉकजवळचं लाकूड काळं पडून मऊ होतं. दस्त्याला जवसाच्या तेलाचं बोट, तेही महिन्यातून एकदा.

२८ डिसेंबर

नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून इथे हरणांचा चकमकीच्या बंदुकांचा मोसम सुरू होतो. असा मोसम पहिल्यांदा १९७४ साली झाला. मी शिकारी नाही, माझं वैर कागदाशी. पण रेंजवर गर्दी होती, प्रत्येकाच्या हातात लांब नळी, आणि थंडी उणे सहा.

माझा पहिला बार: घोडा असा पडला की जणू डुलकी काढून उठला. ठिणगी नाही. दुसऱ्यांदा ठिणगी पडली, पॅनमध्ये भडका उडाला, आत शांतता. फुसका बार. नळी निशाण्याकडेच धरून मिनिटभर थांबलो (आतली दारू उशिरा पेटू शकते, घाई करायची नाही), मग कानात सुई घातली तर टोकाला पांढरं मेणासारखं काहीतरी.

खोबरेल! नोव्हेंबरच्या यशानंतर आजोबांच्या नावाने मी नळीत आणि लॉकमध्येही खोबरेल घातलं होतं. खोबरेल चोविसेक अंशांखाली गोठतं. पुण्यात दिवाळीच्या पहाटे बाटली गरम पाण्यात ठेवावी लागते हे ज्या माणसाला लहानपणापासून माहीत, त्याने ते पेनसिल्व्हेनियाच्या डिसेंबरात घोड्याच्या स्प्रिंगेवर लावलं. शेजारच्या बाकावरचे गृहस्थ वास घेऊन म्हणाले, “केक?”

सुईने कान मोकळा करून, नवी रंजक घालून बार काढला, लागला नाही. घरी येऊन लॉक पुन्हा धुतलं, आतल्या फिरत्या भागांना थंडीत न गोठणाऱ्या पातळ तेलाचा एकेक थेंब. नळीला आता बॅलिस्टॉल नावाचं तेल. ते पाण्यात मिसळतं, त्यामुळे उरलेल्या मळाशी त्याचं डांबर होत नाही. फ्रिझनच्या तोंडाला मात्र कुठलंच तेल नको, दगडालाही नको. निघण्याआधी दोन्ही अल्कोहोलने पुसायचे, नळीतलं तेलही त्याच चिंधीने काढायचं.

आणखी एक, थंडीतलं. गार बंदूक गरम घरात आणली की फ्रिजमधल्या बाटलीसारखा तिला घाम फुटतो, नळीच्या आतसुद्धा. मी ती तासभर गॅरेजमध्येच ठेवतो आणि पाण्याची बादली तिथे नेतो.

चिंधीला लावायच्या वंगणाचं विचारलं होतंत. मी मधमाशांचं मेण आणि ऑलिव्ह तेल एकत्र वितळवून लावतो. मळ मऊ राहतो, दहा-बारा बार न अडता निघतात. इथले बरेच जण मेंढीची चरबी वापरतात आणि ती उत्तमच असते. पण एन्फील्डही ठासणीचीच रायफल होती आणि तिच्या काडतुसांच्या चरबीवरून १८५७ साली काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. घरात मेणच बरं.

११ जानेवारी

चौदा बार, त्याच संध्याकाळी धुणं, एकतीस मिनिटं. कॅमेऱ्यात ते दोन खड्डे तसेच आहेत, वाढलेले नाहीत. आट्यांच्या कडा चकाकतात.

१२ जानेवारी

दुसऱ्या दिवसाची चिंधी: फिकट पिवळसर, म्हणजे फक्त तेल. पुन्हा हलकं तेल लावलं.

१९ जानेवारी

आठवड्याची चिंधी: पांढरी. मार्चमध्ये पिना काढून नळीखालचं मेण बदलायचंय. कोणाकडे पिना ठोकायचा पितळी पंच असेल तर सांगा, माझा वाकलाय.