देवघर धरून पाच खोल्या

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घराचा जिना उभा आणि अरुंद. कमरेचं हाड मोडून ऑपरेशन झालं, तेव्हापासून सासूबाई खाली उतरतात त्या फक्त डॉक्टरांकडे जायला, तेही खुर्चीत बसवून दोघांनी उचलून. घर त्यांच्याच नावावर, पण तळमजल्यावर भाडेकरू.

खालचे काका माझ्या लग्नाच्या आधीपासूनचे. भाडं इतकं कमी की त्यात महिन्याचं दूधही येत नाही, पण द्यायचे वेळेवर आणि पावती घेऊन. सासूबाई त्यांना म्हणाल्या, "भाऊजी, आता मला खाली येऊ द्या." काका म्हणाले, "वहिनी, या वयात मी तरी कुठे जाऊ?" दोघांचंही खरंच होतं.

शेवटी केस लावली. मध्य प्रदेशात 1961 चा स्थान नियंत्रण अधिनियम, म्हणजे घरमालक-भाडेकरूंचा कायदा आहे. 1983 मध्ये त्यात एक प्रकरण घातलं गेलं. त्यामुळे विधवा, निवृत्त सरकारी नोकर, अपंग अशा घरमालकांना दिवाणी कोर्टात न जाता भाडे नियंत्रण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. म्हणजे आमच्यासाठी मोती तबेल्याची कलेक्टर कचेरी. तिथे घरमालकाची गरज खरी आहे असं आधी धरून चालतात. लढायचं तर भाडेकरूने 15 दिवसांत शपथपत्र देऊन परवानगी मागायची. काकांनी मागितली, त्यांना मिळाली.

त्या शपथपत्राने मात्र माझं डोकं फिरलं. 'आवेदिका के पास ऊपर पाँच कमरे हैं.' कुठले पाच? देवघर एक, पत्रे लावून बंद केलेली गॅलरी दुसरी, पापडांचे डबे आणि गणपतीची मखर ठेवतो तो माळा तिसरा! शिवाय विजयनगरचा आमचा फ्लॅटही दाखवला, लिफ्टवाला. तो माझ्या नवऱ्याच्या नावावर, हप्ते अजून चालू. कायदा विचारतो की घरमालकाकडे शहरात राहण्याजोगी दुसरी स्वतःची जागा ताब्यात आहे का. मुलाची जागा आईची कशी होईल? आणि वरचा मजला आहेच, पण ज्यांना पायरी चढता येत नाही त्यांना तो काय कामाचा?

उलटतपासणीत विचारलंच, मुलाकडे का राहत नाही? सासूबाई म्हणाल्या, "माझं घर असताना?" आमच्या वकिलांनी सुप्रीम कोर्टाचा 1998 चा सरला आहुजा निकाल पुढे केला. दिल्लीतल्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला येऊ पाहणाऱ्या विधवेची केस. घरमालकाने ही जागा सोडून दुसरीकडे कसं भागवावं, ते कोर्टाने सांगायचं नाही, असं त्यात म्हटलंय.

कायदा आमच्या बाजूचा होता, तरी या सगळ्यात आब राहत नाही. एक्स-रे फाइलला लागला ते ठीक. पण त्यांना संडासला कोण नेतं, रात्री कोण उठतं, हेही चारचौघांत सांगावं लागलं. ज्या बाईने जावयासमोर कधी पाय पसरले नाहीत, तिला.

शेवटी आपसांत तडजोड झाली. काकांच्या नातवाची बोर्डाची परीक्षा होईपर्यंत मुदत, मागचं भाडं माफ. सामान काढताना काकांचा मुलगा टोमणा मारून गेला, "बघू, महिन्याभरात जास्त भाड्याने कोण येतं ते."

तशी सोयच नाही. अशी रिकामी करून घेतलेली जागा अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय दोन वर्षं भाड्याने देता येत नाही. मागच्या आठवड्यात ओळखीचे एकजण ट्यूशन क्लाससाठी पुढची खोली मागायला आले होते. सासूबाईंनी पलंगावरूनच सांगितलं, "दोन वर्षं कायदा देऊ देत नाही. आणि त्यानंतर मी देणार नाही."