तुम्ही विचारलंत म्हणून: साठ वर्षांची गाडी शर्यतीत का उतरवते?

प्रश्न एकच असतो, विचारणारे वेगवेगळे. सांगलीला गेले की काका-मामा विचारतात, "एवढा पैसा ओततेस त्या जुन्या गाडीत, आणि वर रेसला नेऊन मोडून आणतेस. कशासाठी गं?" इथे इंग्लंडमध्ये जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात गाडीशेजारी खुर्ची टाकून बसलेले मालक विचारतात, अशी गाडी ट्रॅकवर न्यायला तुमचा जीव धजतो कसा? आजवर दोघांनाही काहीतरी थोडक्यात सांगून मी विषय बदलत आले. खरं उत्तर लांब आहे, आणि त्यातला एक भाग सांगताना मला त्रास होतो. पण विचारायचं तुम्ही काही सोडत नाही, तर आता सगळंच सांगते.

आधी ती 'दुर्मीळ ठेवा' ही समजूत बाजूला ठेवा. माझी गाडी १९६५ची एमजीबी, इंग्लंडच्या एमजी कंपनीची. ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात या गाड्या, बंद छताची जीटी धरून, पाच लाखांहून जास्त तयार झाल्या. मध्यमवर्गीय माणसाला परवडावी अशी ही स्पोर्ट्स कार. आठवडाभर कामावर न्यायची आणि सुट्टीच्या दिवशी हेडलाइटच्या काचेवर चिकटपट्ट्या लावून शर्यतीत उतरवायची, असं तिच्या मालकांनी तेव्हाही केलं. कारखान्यातच तयार केलेली अशी एक गाडी १९६३ साली फ्रान्समधल्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरली. पॅडी हॉपकर्क आणि ॲलन हचेसन चालवायला होते. सुरुवातीलाच हचेसनची गाडी वाळूत रुतली, ती उपसून बाहेर काढण्यात तास-दीड तास गेला, आणि तरीही ती एकूणात बारावी आणि आपल्या वर्गात पहिली आली. शर्यतीने या गाडीची विटंबना होते असं म्हणणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं. तिला दोरीमागे उभी करून लोकांना लांबून दाखवणं हाच अलीकडचा प्रकार आहे.

आणि सांगलीकरांना ती वाटते तितकी परकीही नाही. बॉनेटखाली आहे ते ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सिरीज इंजिन. बाबांच्या ॲम्बेसेडरमध्ये याच घराण्यातलं १४८९ सीसीचं होतं, माझ्या गाडीत १७९८चं. टॅपेट सेट करायला, म्हणजे इंजिनच्या झडपांचा (व्हॉल्व्हचा) गॅप जुळवायला, मी शिकले ते बाबांच्या मिस्त्रींकडे. आठ व्हॉल्व्ह. आठवा पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिल्याचा गॅप बघायचा, सातवा दाबलेला असेल तेव्हा दुसऱ्याचा, सहाव्याला तिसऱ्याचा. दोन्ही आकड्यांची बेरीज नऊ आलीच पाहिजे. मिस्त्री माझ्या हातात फीलर गेज, म्हणजे गॅप मोजायची पातळ पट्टी, द्यायचे आणि म्हणायचे, "पट्टी ओढताना बोटाला कळलं पाहिजे, डोळ्याला नाही." पुढे इथल्या क्लबात एका म्हाताऱ्या इंजिनिअरने नवशिक्यांना हाच नऊचा नियम शिकवायला घेतला, तेव्हा मला परक्या देशात आल्यासारखं पहिल्यांदाच वाटलं नाही. म्हणून "ह्या गोऱ्यांच्या नादाला कुठे लागलीस" असं कुणी म्हणालं की मला राग येतो. नाद मी घरूनच घेऊन आले.

क्लबातली शर्यत वीसेक मिनिटांची असते. तिच्यामागचं काम वर्षभर पुरतं, आणि माझा जीव त्या कामातच जास्त रमतो. ट्रॅकवरून आलं की इंजिन कोमट असतानाच तेल काढायचं. फिल्टर फेकायचा नाही, त्याचा कागद उलगडून उन्हात धरायचा. थोडीफार बारीक चमक दिसणारच. कण नखाला लागण्याइतके मोठे असतील, किंवा तांबूस झाक असेल, तर क्रँकच्या बेअरिंगचं काही खरं नाही, इंजिन उतरवायचं. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, ओतीव लोखंडाचं. मधल्या दोन सिलिंडरांचा जळलेला वायू एकाच पोर्टमधून बाहेर पडतो, त्यामुळे तिथे उष्णता साठते आणि व्हॉल्व्हच्या सीटांच्या मधोमध तडा जातो. दर हिवाळ्यात हेड उघडून तिथेच आधी बघते. हवा आणि पेट्रोल मिसळणारे दोन एसयू कार्बोरेटर जुळवताना रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं, आणि दोन्हीकडची फुसफुस सारखी होईपर्यंत स्क्रू फिरवत राहायचं. त्यासाठी उपकरण मिळतं. मला कानच बरा वाटतो.

नव्या भागांनी मात्र वैताग आणलाय. रोटर आर्म, कंडेन्सर असल्या ठिणगीच्या यंत्रणेतल्या साध्या वस्तू पूर्वी वर्षानुवर्षं चालायच्या. हल्ली मिळणाऱ्यांतल्या काही चकचकीत खोक्यातून निघतात आणि सरावाच्या फेरीतच दगा देतात. त्यामुळे जुने, वापरलेले पण अस्सल भाग गोळा करायचे आणि तेच गाडीला लावायचे, हा माझा हट्ट होता.

आता सांगताना त्रास होतो म्हटलं ती गोष्ट सांगते. मॅलरी पार्क हा लेस्टरशरमधला छोटा ट्रॅक, एका तळ्याच्या काठाने जाणारा. तिथलं जेरार्ड्स हे वळण उजवीकडे अर्धवर्तुळ घेत जातं आणि संपता संपत नाही. तेवढा वेळ गाडीचा भार पुढच्या डाव्या चाकावर येतो. ते चाक ज्याच्यावर फिरतं तो स्टब ॲक्सल म्हणजे पोलादाचा एक आडवा खुंट. त्यावर दोन बेअरिंग, बेअरिंगांवर हब, हबला चाक. एमजीबीत या दोन बेअरिंगांच्या मध्ये एक नळी आणि अगदी पातळ चकत्या, म्हणजे शिम, असतात. नट आवळला की ते सगळं मिळून खुंटाला ताठ धरतं. शिम जुळवणं किचकट, म्हणून काही जण ती नळीच काढून टाकतात आणि नट अंदाजाने आवळतात. मी बारीक हालचाल मोजणारं डायल गेज लावून, शिम घालून, काढून, पुन्हा घालून, हबची हालचाल दोन ते चार थाउच्या, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागांच्या, आत आणली होती. खुंट गाडीचा मूळचाच. हिवाळ्यात तो तडे तपासायला एका वर्कशॉपमध्ये दिला होता, आणि दोष नाही असा कागद घेऊन तो परत आला होता. हे इतकं खोलात जाऊन सांगते, कारण पुढचं ऐकलं की लोक लगेच म्हणतात, काहीतरी आवळायचं राहिलं असेल तुझ्याकडून. राहिलं नव्हतं.

जेरार्ड्समध्ये शिरताना ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं. त्याचा अर्थ लावायला वेळच मिळाला नाही. वळणाच्या मध्यावर स्टिअरिंग हलकं झालं, गाडीचं डावं नाक खाली बसलं, आणि रस्त्यावर धातू घासल्याचा आवाज हेल्मेटच्या आत घुमला. चाक, हब, डिस्क, सगळं ब्रेकच्या कॅलिपरमधून ओरबाडून निघालं होतं आणि माझ्या पुढे धावत होतं. गाडी गवतावरून घसरत टायरांच्या भिंतीला जाऊन लागली. पट्ट्यांनी छाती आवळली गेली, बाकी मला काही झालं नाही. मी बघत होते ते चाक. उसळत, दर उसळीला आणखी वर जात ते ट्रॅकशेजारी झेंडे दाखवणाऱ्या मार्शलच्या ठाण्याकडे निघालं होतं. तिथे दोघं उभे होते. एकाने वेळेत बाजूला उडी मारली. दुसरी बाई होती, माझ्याच वयाची. मागून येणाऱ्यांना इशारा द्यायचा म्हणून ती पिवळा झेंडा उघडत होती आणि तिची नजर ट्रॅकवर होती. चाक तिच्या खांद्यापासून हातभर अंतरावरून गेलं आणि मागच्या बांधावर आपटलं.

लाल झेंडा पडला, शर्यत थांबली. ती बाई पळत आली आणि मला विचारू लागली, मान दुखते का, पाय हलवता येतात का. या मार्शल लोकांना पगार नसतो. हौसेने येतात, पावसात दिवसभर उभे राहतात, डबा घरून आणतात. मी तिला म्हटलं, चाक तुमच्या फार जवळून गेलं. ती म्हणाली, "हो, कळलं मला," आणि चालक शुद्धीवर आहे असं रेडिओवर सांगायला लागली. तिचा हात थरथरत होता. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि त्यात गाडीचा विचार एकदाही आला नाही.

तुटलेला खुंट घरी आणून भिंगाखाली बघितला. अर्ध्याहून जास्त भाग गुळगुळीत होता, आणि ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा कमानदार रेषा त्यावर उमटलेल्या. उरलेला भाग खडबडीत आणि ताजा. धातूचा थकवा म्हणतात तो हाच. खुंटाच्या मुळाशी, जिथे जाडी बदलते, तिथे तडा सुरू झाला होता. दर वळणाला तो कणभर पुढे सरकत होता, आणि त्या दिवशी उरलेल्या पोलादाला भार पेलला नाही. वर्कशॉपच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, माझ्याकडे आला तेव्हा तडा नव्हता. मी बरंच बोलले त्याला. पण रंग लावून केलेली चाचणी फक्त पृष्ठभागावर उघडलेला तडा दाखवते, आणि असा तडा एका हंगामातही वाढू शकतो. दोष त्याचा होता असं मी आजही छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

त्याआधीची जी मी होते, तिच्याशी माझं अजून भांडण चालू आहे. ती म्हणते, खुंट मूळचा होता म्हणून तुटला असं नाही. साठ वर्षांत त्याने किती सोसलं याची कुणी नोंद ठेवली नव्हती, म्हणून तुटला. नवा भाग उद्या वाईट पोलादाचा निघाला तर काय करशील? तिचा मुद्दा मला खोडता येत नाही. मी तिला एवढंच म्हणते की नव्या भागाची नोंद निदान पहिल्या दिवसापासून ठेवता येते. आता पुढचे दोन्ही खुंट शर्यतीसाठी घडवलेले आहेत, वहीत त्यांचे तास लिहिलेले असतात, आणि हंगाम संपला की दिसायला कितीही चांगले असले तरी ते निघतात. निघाले की करवतीने कापते, म्हणजे कुणी उचलून दुसऱ्या गाडीला लावणार नाही. जुन्या गाडीवरून उतरवलेले मूळचे सुटे खुंट माझ्याकडे जपून ठेवलेले होते, तेही कापले. मेळाव्यात हे सांगितलं तर एक गृहस्थ खरंच दुखावले. मूळचे भाग कापलेत? हो, कापले.

"मग बंदच का करत नाहीस?" हे तुम्ही आता विचारणार. माझं ठरलेलं उत्तर असं की गाडी नुसती रस्त्यावर चालवली असती तर तोच तडा एखाद्या दिवशी भरधाव वाहतुकीत उघडा पडला असता. बोलायला हे सोपं जातं, पण मला ते पुरतं पटत नाही. रस्त्यावर त्या खुंटावर जेरार्ड्ससारखा भार कधी आलाच नसता, आणि कदाचित तो माझ्यामागेही टिकला असता. दुसरं उत्तर असं की मार्शल स्वतःच्या मर्जीने तिथे उभे असतात. ते मी एकदा तोंडाने बोलले, आणि पुन्हा कधी बोलणार नाही.

खरं कारण इतकं भक्कम नाही. फिल्टरच्या कागदात काय दिसतं, कानाशी धरलेल्या नळीतून काय ऐकू येतं, हे बरोबर होतं की नाही, ते शर्यतीत कळतं, दुसरीकडे कुठेही कळत नाही. उभ्या गाडीचं काम बरोबर झालं असं कुणीही म्हणू शकतं. माझ्या हातांवर माझा विश्वास आहे, आणि तो पारखून घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही. हे कारण त्या बाईच्या खांद्याशेजारी ठेवून बघितलं की हलकं वाटतं. तरी कारण तेच आहे, आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी दुसरं देणार नाही.

भाऊ फोनवर म्हणतो, "ताई, आता पुरे." त्याच्याशी मी वाद घालत नाही. यंदाच्या हंगामाची नोंदणी केली आहे. ज्या आठवड्यांत माझी शर्यत नसेल त्यांतल्या काही दिवसांसाठी मार्शलच्या प्रशिक्षणालाही नाव दिलं आहे. त्याने काही फिटतं असा माझा दावा नाही. हेड अजून टेबलावर आहे, आणि तिसऱ्या सिलिंडरच्या सीटजवळ मला एक रेघ दिसते आहे, ती ओरखडा आहे की तडा हे उद्या दाबाने पाणी भरून बघायचं आहे.