कुठे थांबायचं ते हाताला ठाऊक होतं

आवाज करणारं काहीही आमच्या विभागात आणायचं तर आधी मला विचारावं लागतं. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झालेल्या माणसाला अचानक आलेला आवाज कुठून आला हे कळत नाही, आणि एक जण बिथरला की शेजारचे चौघे बिथरतात. त्यामुळे १३ नोव्हेंबर २०२० च्या दुपारी रिसेप्शनवरून "एक खोकं आलंय, त्यात स्पीकर आहे" असा फोन आला तेव्हा मी हातातलं काम टाकून खाली गेले. काळं खोकं होतं, त्यावर एसी/डीसी या रॉक बँडच्या नावाची अक्षरं. बटण दाबलं की अक्षरं लाल पेटायची आणि 'शॉट इन द डार्क' या गाण्याची सुरुवात खणखणीत वाजायची. 'पॉवर अप' या त्यांच्या नव्या अल्बमची ती खास आवृत्ती. अल्बम त्याच दिवशी बाजारात आला होता. आमच्या एका आजोबांची मुलगी मास्क लावून, हातात ते खोकं घेऊन उभी होती. "डॅडना आजच ऐकवायचंय," म्हणाली.

मी पंढरपूरकडची. सिडनीच्या पश्चिम भागात, वृद्धांच्या एका केअर होममध्ये डायव्हर्जनल थेरपिस्ट म्हणून काम करते. औषधपाणी नर्स बघतात. माणसाचा दिवस कशानं भरायचा ते मी बघते. कुणाला घड्या घालायला टॉवेल, कुणाला कुंड्यांना पाणी, कुणाला गाणी. हे आजोबा तरुणपणी रेल्वेच्या एव्हली वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि शनिवार-रविवारी पबमधल्या एका बँडमध्ये रिदम गिटार वाजवायचे. आता बोलणं जवळजवळ संपलं होतं. दुपार कलली की त्यांची घालमेल सुरू व्हायची. दार ढकलून बघायचे, कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालायचे, कुणी हात धरला तर झिडकारायचे. शिफ्ट सुटली, घरी जायचंय, एवढंच त्यांच्या डोक्यात असावं. आमच्याकडे ही वेळ सगळ्यांचीच अवघड असते, पण त्यांची फार.

रॉक संगीत मी या नोकरीत शिकले. ज्यांची काळजी घ्यायची ते ज्या गाण्यांवर वाढले ती माहीत नसतील तर मी त्यांच्याशी काय बोलणार? पण माल्कम यंग हे नाव त्याआधी, कामामुळेच, कानावर पडलं होतं. १९७३ साली याच सिडनीत धाकट्या भावाला, अँगसला, बरोबर घेऊन त्यानं एसी/डीसी उभी केली. ग्लासगोहून इथे स्थलांतर करून आलेलं मोठं कुटुंब, त्यातली ही पोरं. २०१४ मध्ये जाहीर झालं की तो बँडमध्ये परतणार नाही, आणि त्याच्या घरच्यांनी सांगितलं की त्याला डिमेन्शिया झालाय. वय एकसष्ट. त्या सुमारास आमच्याकडे येणारे नातेवाईक त्याचं नाव घ्यायचे. "माल्कमला पण हेच झालंय" असं म्हणताना लाज थोडी कमी व्हायची, हे मी पाहिलंय. पुढे कळलं की 'ब्लॅक आइस' या अल्बमच्या दौऱ्यावर, २००८ ते २०१० या काळात, त्याला स्वतःच रचलेल्या चाली पुन्हा पाठ करून मंचावर जावं लागत होतं. हजारो लोकांपुढे. माझ्या कामामुळे मला यातल्या कष्टांची कल्पना आहे, म्हणून त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

शाळेचा गणवेश घालून उड्या मारणारा अँगस सगळ्यांना आठवतो. रिदम गिटार वाजवणारा माल्कम मागे, ड्रमजवळ उभा. कोरसला दोन पावलं पुढे, माइकशी गाऊन पुन्हा मागे. दिंडीत नजर पखवाज्याकडे जाते, पण टाळकरी हलला तर अभंग कोसळतो. माल्कमचा उजवा हात तसा होता.

त्यानं बँड सोडल्यावर बँड संपल्यातच जमा होता. ड्रमर फिल रड आधीच बाहेर, २०१६ मध्ये गायक ब्रायन जॉन्सनला डॉक्टरांनी बजावलं की असंच गात राहिलात तर उरलीसुरली श्रवणशक्तीही जाईल, आणि त्या वर्षीचा दौरा संपल्यावर बेसवाला क्लिफ विल्यम्सही निवृत्त झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये माल्कम गेला. सेंट मेरीज कॅथेड्रलमध्ये त्याला निरोप दिला तेव्हा हे चौघं-पाचजण पुन्हा एकत्र वाजवतील असं कुणाला वाटलं नसेल. पण २०१८ मध्ये व्हँकुव्हरच्या स्टुडिओत सगळे जमले. अँगसनं दोघा भावांनी वर्षानुवर्षं साठवलेले तुकडे बाहेर काढले आणि त्यातून बारा गाणी बांधली. बाराही गाण्यांचे जनक म्हणून दोनच नावं आहेत, अँगस आणि माल्कम. माल्कमच्या जागी गिटार वाजवतो त्यांचा पुतण्या स्टीव्ही.

१९८० मध्ये गायक बॉन स्कॉट गेल्यावरही या भावांनी असंच केलं होतं. त्याच वर्षी 'बॅक इन ब्लॅक' हा अल्बम आला.

खोक्याचा प्रयोग फसला. लाल अक्षरं पेटली तशी आजोबांनी मान फिरवली आणि ते दाराकडे निघाले. मी खोकं कपाटात ठेवलं. मुलीचा चेहरा उतरला, पण ती तयारीनं आली होती. गाडीत वडिलांची जुनी इलेक्ट्रिक गिटार होती. अँप्लिफायर न जोडता तिचा आवाज आपल्या मांडीपुरता राहतो, त्यामुळे माझी हरकत नव्हती. अडचण डाव्या हाताची होती. बोटांनी तारा दाबून कॉर्ड, म्हणजे सुरांचा मेळ, धरणं त्यांना आता जमत नव्हतं, आणि चुकीचे सूर निघाले की ते चिडणार हे नक्की. आमच्या स्वयंपाकघरात एक फिलिपिनो मदतनीस आहे, चर्चमध्ये गिटार वाजवतो. त्यानं तारा ओपन जीमध्ये लावून दिल्या. म्हणजे डावा हात लागलाच नाही तरी सहाही तारा मिळून सुरेलच वाजणार. गाण्याच्या पट्टीशी ते प्रत्येक ठिकाणी जुळणार नव्हतं, पण कानाला बोचणार नव्हतं.

साडेचारच्या सुमारास, येरझाऱ्या सुरू व्हायच्या आत, त्यांना खिडकीपाशी बिनहाताच्या खुर्चीत बसवलं. गिटार मांडीवर दिली. लॅपटॉपवर 'शॉट इन द डार्क', आवाज गप्पा मारता येतील एवढाच. पहिल्यांदा काही नाही. ते तारांकडे बघत राहिले. दुसऱ्यांदा लावलं तेव्हा अंगठा आणि तर्जनी जुळली, मध्ये पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी पट्टी, असावं तशी. मुलीनं खिशातून पिक काढून त्या चिमटीत सरकवलं. आणि उजवा हात चालू झाला.

तारांवर हात मारणं मोठं नाही. आमच्याकडे तालावर टेबल वाजवणारे बरेच आहेत. मी बघत राहिले ते त्यांच्या तळहाताच्या कडेकडे. एसी/डीसीच्या चालीत मध्येमध्ये मोकळ्या जागा असतात. घाव बसतो, तोडला जातो, एक श्वास जातो, मग पुढचा घाव. त्या जागी तारा घुमत राहिल्या तर सगळं पाणचट होतं. आजोबा प्रत्येक मोकळ्या जागेच्या आधी तळहाताची कड ब्रिजजवळ, गिटारच्या बुडाशी तारा टेकतात तिथे, टेकवून तारा गप्प करत होते. वेळेवर. पुन्हा घाव, पुन्हा गप्प. कोरस आला तेव्हा ते खुर्चीत पुढे झुकले, हनुवटी वर, तोंड उघडं. ओळ संपताच मागे टेकले. मुलगी माझा दंड धरून म्हणाली, "माइककडे गेले. बघा, ते माइककडे गेले."

गाणं महिन्याभरापूर्वी, ७ ऑक्टोबरला, पहिल्यांदा लोकांसमोर आलं होतं. आमच्या विभागात ते कुणी लावलं नव्हतं. म्हणजे आजोबांना ते आठवत असण्याचा प्रश्नच नव्हता. या आजारात शब्द, नावं, तारखा आधी जातात आणि हाताची सवय बराच काळ टिकते, हे आम्हाला शिकवलं जातं. पण सवय ओळखीच्या गाण्याची असते असं मी धरून चालले होते. इथे माणूस अनोळखी गाण्यात शिरून पुढची मोकळी जागा कुठे येणार ते आधीच जाणत होता, कारण ती जागा माल्कमनं जिथे ठेवली असती तिथेच होती. तरुणपणी पबमध्ये, बाँडाय लाइफसेव्हरसारख्या ठिकाणी, त्या हाताकडे बघत ते स्वतःचा हात घडवत आले होते.

या अल्बमबद्दल "नेहमीचंच आहे, नवीन काही नाही" असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. माणूस गेल्यावर त्याची धाटणी जशीच्या तशी राखायला, एक घावही जास्तीचा न घालता राखायला, केवढा संयम लागत असेल! पुतण्यानं तिथे स्वतःची करामत दाखवली असती तर आजोबांना आत शिरायला वाट सापडली नसती.

दुसरं गाणं निम्मं झालं आणि ते थकले. एक तार ओढू लागले, मग गिटारच ढकलली. मी ती घेतली आणि त्यांना जेवायला नेलं. मुलगी निघताना त्यांनी तिला ओळखलं नाही, त्या दिवशीही नाही. ती गाडीत बराच वेळ बसून होती असं रिसेप्शनवरच्या बाईंनी सांगितलं.

तिला वाटत होतं की ओळखीची गाणी लावली तर याहून छान होईल. पुढच्या भेटीत आम्ही 'बॅक इन ब्लॅक' लावून पाहिलं. पहिल्याच घावाला त्यांचा डावा हात गिटारच्या मानेवर चढला, ते कॉर्ड शोधू लागले. बोटं जागेवर पडेनात. त्यांना नेमकं ठाऊक होतं काय वाजायला हवं आणि ते वाजत नव्हतं. तोंड लाल झालं, त्यांनी पिक भिरकावलं. मी लगेच गाणं बदलून नव्या अल्बमवर आले. डावा हात हळूहळू खाली आला, उजवा चालू राहिला. नव्या गाण्यात त्यांच्याकडून कशाचीच अपेक्षा नव्हती.

त्यांच्या केअर प्लॅनमध्ये मी तसं लिहून ठेवलं: दुपारी साडेचारच्या आधी, बिनहाताची खुर्ची, गिटार ओपन जीमध्ये, आवाज मध्यम, 'पॉवर अप'मधली दोन गाणी. जुनी नकोत. रात्रपाळीच्या नर्सनं खाली पेननं भर घातली की ज्या दिवशी हे होतं त्या दिवशी ते दार ढकलत नाहीत, आणि रविवारी मी सुट्टीवर असते तेव्हा हे कोण करणार ते ठरवा.