महादेव मोठा की विठोबा?

गळ्यात तुळशीची माळ, एकादशी कधी चुकत नाही आणि सोमवारी दिवेलागणीला मी शिवमहिम्न म्हणायला बसतो. त्यात महादेवाच्या वर कुणीच नाही. मग ‘तुमचा विठोबा धाकटा का हो?’ असं परभणीत हमखास विचारतात, लग्नाच्या पंगतीत तर जास्तच. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

महिम्नात अग्निस्तंभाची गोष्ट येते. ब्रह्मदेव वर गेला, विष्णू खाली गेला. दोघांनाही टोक सापडलं नाही. मग त्यांनी श्रद्धेनं स्तुती केली, तेव्हा महादेव आपणहून प्रकटला. लोक यातून विष्णू हरला एवढंच काढतात. अहो, ज्याला टोकच नाही, त्याच्या शेजारी दुसऱ्याला उभं करून उंची बघणार कशी? स्तोत्राच्या पहिल्याच श्लोकात म्हटलंय की ब्रह्मादिकांची वाणीसुद्धा तुझ्यापुढं तोकडी, तेव्हा मी माझ्या बुद्धीप्रमाणं बोललो तर दोष कसला! स्तुती हात राखून करायचीच नसते. विठोबासुद्धा माथ्यावर शिवलिंग धरून उभा आहे, असं आम्ही वारकरी मानतो.

मराठवाड्यात आपण तीन ज्योतिर्लिंगं मानतो: वेरूळ, परळी आणि औंढा. माझा जीव औंढ्यात. तिथं पिंड तळघरात आहे. अरुंद वाटेनं अंग चोरून, वाकून उतरायचं. खाली ओल्या बेलाचा वास, उकाडा, चष्म्यावर वाफ, आणि मागून ‘चला, चला’. मान ताठ ठेवून तिथं कुणाला जाता येत नाही, मग तो आमदार असो की हमाल.

याच देवळात विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडलेले नामदेवांना दिसले, अशी कथा आहे. नामदेव रागावले. विसोबा म्हणाले, जिथं देव नाही तिथं माझे पाय ठेव. नामदेवांनी पाय उचलून जिथं ठेवावेत, तिथं पिंड! म्हणजे पंढरीच्या लाडक्या भक्ताला गुरू भेटला तो महादेवाच्या गाभाऱ्यात. आणि त्यानंतरही त्यांच्या तोंडी नाव विठ्ठलाचंच राहिलं.

खरी पंचाईत होते ती श्रावणात, सोमवारी एकादशी आली की. सोमवार संध्याकाळी सोडायचा, एकादशी बारशीला. आमच्याकडं वाढलेल्या पानाचा नुसता वास घेऊन सोमवार सोडतात आणि पान गाईला देतात.