रेडियम कटिंगसाठी इंकस्केपमध्ये देवनागरी अक्षरे

रिक्षाच्या मागच्या काचेवरचे नाव किंवा दवाखान्याच्या दारावरची अक्षरे रेडियममध्ये कापून घेताना चित्राची जी परीक्षा होते, ती छपाईत होत नाही. छपाईयंत्राला रंग कुठे आहे एवढेच कळते; कटिंग प्लॉटरचे पाते मात्र बाह्यरेषेवरून चालते, त्यामुळे रंगाखाली दडलेली प्रत्येक अनावश्यक रेषा आणि प्रत्येक फाजील नोड (रेषेचा आकार ठरवणारा तिच्यावरचा बिंदू) कापलेल्या अक्षरात उमटतो. हे काम मी इंकस्केपमध्ये करते. २००३ मध्ये सोडिपोडी या प्रकल्पातून वेगळे झालेले हे रेखाटनाचे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि युनिकोड मराठी त्यात थेट टंकता येते. पुढचे सगळे विवेचन त्यातलेच असले, तरी तत्त्वे कोरलड्रॉ हे तशाच कामाचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनाही लागू पडतील.

देवनागरीचा खरा प्रश्न शिरोरेषेचा आहे. दोन अक्षरांच्या मध्ये फट दिसू नये म्हणून बहुतेक फॉन्टांत प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर किंचित चढवलेली असते. पडद्यावर ती सलग दिसते. परंतु मजकुराचे 'ऑब्जेक्ट टू पाथ' केले, म्हणजे टंकलेली अक्षरे नुसत्या बाह्यरेषांत (पाथमध्ये) बदलली, की प्रत्येक अक्षर हा स्वतंत्र बंद आकार होतो आणि प्लॉटर प्रत्येक सांध्यावर शिरोरेषा आडवी चिरतो. मग कापलेले नाव उचलताना अक्षरे सुटी होतात. त्यासाठी पाथ केल्यावर ग्रुप सोडवावा, सगळी अक्षरे निवडावीत आणि पाथ मेनूतील 'युनियन' द्यावे (कंट्रोल आणि अधिकचे चिन्ह), म्हणजे ती एकच आकार होतात. वेलांट्या, मात्रा आणि रफार जिथे शिरोरेषेला टेकतात तिथेही हाच प्रकार असतो, म्हणून युनियन झाल्यावर व्ह्यू मेनूतून आउटलाइन दृश्य लावून संपूर्ण शब्द एकदा मोठा करून पाहावा. या दृश्यात रंग नाहीसे होतात आणि पाते नेमके कुठून जाणार ते दिसते. माझ्या मते रेडियमचे काम करणाऱ्याने निम्मा वेळ याच दृश्यात घालवायला हवा.

युनियननंतर शिरोरेषेच्या सांध्यांवर दोन-दोन, तीन-तीन नोड जवळजवळ उरतात. ते घालवण्यासाठी अनेक जण सरळ 'सिम्प्लिफाय' वापरतात. ते टाळावे, कारण ही आज्ञा संपूर्ण पाथचा आकार अंदाजाने नव्याने बसवते आणि शिरोरेषेचे काटकोनी कोपरे गोलसर करून टाकते; शिवाय ती लागोपाठ दिली की तिचा जोर वाढत जातो. त्याऐवजी नोडचे साधन घेऊन फाजील नोड हाताने निवडून काढावेत. नोड काढताना इंकस्केप आकार राखण्याच्या प्रयत्नात सरळ रेषेला बारीकसा बाक आणू शकते. तसे झाल्यास तो खंड निवडून शिफ्ट आणि एल दाबावे, म्हणजे तो पुन्हा सरळ होतो.

शब्द रुंद दिसावा म्हणून अक्षरांमधले अंतर वाढवणे रोमन लिपीत चालते. देवनागरीत शिरोरेषा तुटते. रुंदी हवीच असेल, तर पाथ केल्यावर, युनियनच्या आधी, अक्षरे हवी तेवढी सरकवावीत, शिरोरेषेच्या वरच्या आणि खालच्या नोडांना स्नॅप करून (नेमके चिकटवून) तिच्याच जाडीचा एक लांब आयत काढावा आणि मगच सगळे एकत्र जोडावे. मात्र ग, ण, श यांसारख्या अक्षरांत कान्याची उभी रेषा सुटी असते. सरकवताना ती मागे राहणार नाही याकडे लक्ष द्यावे.

फॉन्ट न वापरता अक्षर स्वतः रेखाटायचे असेल, तर सगळी मदार नोड कुठे ठेवतो यावर असते. इंकस्केपमधल्या वक्राचा, म्हणजे बेझिए वक्राचा, प्रत्येक खंड दोन टोकांचे नोड आणि दोन हँडल (नोडपासून निघणारे, वक्राला वळण देणारे दांडे) एवढ्यांवरच ठरतो, आणि पूर्ण वर्तुळाला असे चारच नोड पुरतात. त्यांच्या हँडलची लांबी त्रिज्येच्या सुमारे ०.५५ पट असते. म्हणून 'ठ'च्या गोलाला किंवा 'व'च्या पोटाला दहा-बारा नोड लागत असतील, तर रेखाटनात काहीतरी बिघडलेले आहे असे समजावे. नोड वक्राच्या टोकाच्या जागी ठेवावेत, म्हणजे सर्वांत वर, सर्वांत खाली, सर्वांत डावीकडे आणि सर्वांत उजवीकडे, आणि तिथली हँडल आडवी किंवा उभीच राहतील असे पाहावे. हँडल ओढताना कंट्रोल दाबून ठेवला की ते ठरावीक कोनांनाच थांबते. 'ळ' हे अक्षर मला या दृष्टीने सर्वांत अवघड वाटते, कारण त्याची दोन्ही वेटोळी सारख्या वजनाची दिसायला हवीत आणि त्यांना जोडणाऱ्या भागात वक्राची दिशा उलटते. तिथे एक गुळगुळीत नोड ठेवला, तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या सांभाळता येतात.

चित्रावरून आपोआप बाह्यरेषा काढणारे 'ट्रेस बिटमॅप' हे पीटर सेलिंजर यांच्या पोट्रेस या प्रणालीवर चालते. कुंचल्याने काढलेल्या सुलेखनाचा खडबडीतपणा राखायचा असेल, तर ते उत्तम आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या धूसर लोगोवर ते चालवणे व्यर्थ. तो लोगो खालच्या थरात कुलूपबंद करून वरून पुन्हा रेखाटणे अधिक लवकर होते.

मापाबाबत दोन गोष्टी पाहाव्यात. आकाराला कडेची रेषा असेल, तर इंकस्केप तिची जाडीही लांबी-रुंदीत धरते. पाते मात्र पाथवरूनच जाते. म्हणून प्रेफरन्सेसमधील टूल्सच्या पानावर बाउंडिंग बॉक्स (आकाराचे माप धरणारी चौकट) 'जिऑमेट्रिक' करून घ्यावा. दुसरे असे की, ०.९२ या आवृत्तीपासून एका इंचाला ९६ पिक्सेल धरले जातात, त्यापूर्वी ९० धरले जात. जुनी फाइल उघडताना सॉफ्टवेअर याविषयी विचारते. तो प्रश्न न वाचता पुढे गेल्यास माप सुमारे सहा टक्क्यांनी चुकू शकते.

दुकानदाराकडे फाइल पाठवताना मजकूर टंकलेल्या रूपात ठेवू नये, त्याचे पाथ करून पाठवावेत, कारण त्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर अक्षरांचे वळण बदलते आणि जुन्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरे फुटतात. इंकस्केपची नेहमीची एसव्हीजी फाइल चालत नसेल, तर 'सेव्ह अ‍ॅज'मधील डेस्कटॉप कटिंग प्लॉटर हा डीएक्सएफ या दुसऱ्या फाइल-प्रकाराचा पर्याय निवडावा. मूळ टंकलेला मजकूर मात्र स्वतःच्या वेगळ्या फाइलमध्ये जपून ठेवावा, कारण पाथ झालेल्या नावातली ऱ्हस्व-दीर्घाची चूक टंकून दुरुस्त करता येत नाही, आणि ग्राहकाला ती बहुधा कटिंग झाल्यावरच दिसते.